मनाचा उपचार : जमा किती, नावे किती?

अंगात ताप भरला की आपण उसनेपासने करून का होईना, दवाखाना गाठतो. मन आजारी पडले की मात्र दार लावून घेतो. आमच्या सख्ख्या बहिणीच्या घरात हे दार तीन वर्षे लावलेले होते. ते कसे उघडले, उघडल्यावर काय मिळाले आणि काय मोजावे लागले, याचा हिशेब आज वाचकांपुढे ठेवत आहोत. आम्ही पडलो कारकून, वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेब लिहायचा तर जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू लिहायच्या, एवढे आम्हाला कळते.

हा मजकूर आमच्या भाचीने छापण्याआधी वाचला आहे. "नाव टाकू नका मामा, बाकी सगळं लिहा. लपवून लपवूनच आपल्या लोकांचं वाटोळं झालंय," असे ती म्हणाली. तिच्या परवानगीनेच लिहीत आहोत.

घरात काय चालले होते

भाऊजी परभणीच्या मोंढ्यात हमाली करतात. बहीण घरी शिवणकाम करते. भाची अभ्यासात हुशार. बी.एस्सी. झाली आणि पुण्याला एका कंपनीत नोकरीला लागली. घरातली ती पहिली पगारदार मुलगी. पण लहानपणापासून कुणाचा एक उणा शब्द तिला दिवसभर पुरायचा. मैत्रिणीने फोन उचलला नाही तर सगळे संपले असे तिला वाटायचे. रागाच्या भरात नाते तोडायची आणि तासाभरात त्याच मैत्रिणीसाठी ढसाढसा रडायची. पुण्यात एकटी राहू लागली तसे हे वाढत गेले. ती स्वतःला इजा करून घेऊ लागली. एकदा तर खोलीतल्या दुसऱ्या मुलीने वेळेवर दार ठोठावले म्हणून ती वाचली.

यात आम्ही काय केले? खरे सांगायचे तर जे करू नये ते सगळे केले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी "बाहेरचं असंल" म्हणून गुपचूप एका बाबाकडे नेले. बावीस प्रतिज्ञा घेतलेले आमचे घर. ही गोष्ट लिहिताना मान खाली जाते, पण घडली ती घडली. कुणी म्हणाले, लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. आम्ही स्वतः समाजकार्यात वीस वर्षे घालवलेली. आम्ही तिला भाषण दिले. बाबासाहेबांनी किती सोसले ते सांगितले आणि "तू एवढ्याशा गोष्टीनं खचतेस?" असे विचारले. ती काही बोलली नाही. ते भाषण आपल्याला किती लागले, हे तिने पुढे दोन वर्षांनी सांगितले.

मग आम्ही तिला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवायचे ठरवले. अर्ज आणला. त्यात मानसिक आजार आहे का, औषधे चालू आहेत का, अशी विचारणा होती. तेव्हा कुठे आम्ही थबकलो. तीव्र मानसिक त्रास चालू असलेल्या माणसाने असे शिबिर करू नये, आधी डॉक्टर गाठावा, हे त्या अर्जामुळे आम्हाला समजले. ध्यान ही मोलाची गोष्ट आहे, पण प्रत्येक दुखण्यावरचे ते औषध नव्हे, ही गोष्ट आपण विहारात बसणाऱ्यांनी लक्षात ठेवली पाहिजे.

पुण्यातल्या एका सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार डॉक्टरांनी तिला तपासले, गोळ्या सुरू केल्या आणि आजाराचे नाव सांगितले : बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. सोप्या भाषेत सांगायचे तर भावना फार लवकर पेटते, फार उंच जाते आणि खाली यायला फार वेळ घेते. गोळ्यांनी थोडे निभेल, पण शिकण्यासारखा एक उपचार आहे तो घ्या, असे ते म्हणाले. त्याचे नाव डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, थोडक्यात डीबीटी.

हा उपचार कुणी काढला?

याची हकिगत वाचकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. अमेरिकेत मार्शा लिनेहान नावाच्या बाई आहेत. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना हार्टफर्ड गावच्या एका मनोरुग्णालयात दाखल केले होते. त्या स्वतःला इजा करून घेत. त्यांना कोंडून ठेवले, विजेचे झटके दिले, आणि हे दोन वर्षांहून अधिक काळ चालले. बाहेर पडल्यावर त्या शिकल्या, मानसशास्त्रज्ञ झाल्या, सिएटल शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि ज्या नरकातून आपण आलो तिथल्या माणसांसाठी त्यांनी हा उपचार उभा केला. त्याची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली, ग्रंथ १९९३ साली आला. आपण स्वतः रुग्ण होतो हे मात्र त्यांनी जगाला सांगितले ते २०११ साली, त्याच रुग्णालयात उभे राहून. एवढ्या नामवंत विदुषीला ही गोष्ट सांगायला पन्नास वर्षे लागली. मग आमच्या बहिणीने तीन वर्षे दार लावून घेतले तर तिला काय दोष द्यायचा?

लिनेहानबाई मूळच्या कॅथलिक. पण त्या झेन शिकल्या. झेन म्हणजे बौद्ध परंपरेचीच एक शाखा. तिथून त्यांनी मनाचे भान ठेवण्याचा सराव घेतला, त्यातली धार्मिक भाषा काढली आणि कुठल्याही धर्माच्या रुग्णाला करता येईल अशा साध्या पायऱ्या बनवल्या. आपण ज्याला पालीत 'सती' म्हणतो, ती गोष्ट सिएटलला जाऊन फॉर्म आणि तक्त्यांच्या रूपात परत आली, आणि आपल्याच पोरीला ती पैसे भरून इंग्रजीत शिकावी लागली. यावर हसावे की रडावे हे वाचकांनीच ठरवावे.

जमेची बाजू

उपचार असा चालतो. आठवड्यातून एकदा मॅडमबरोबर एकटीची बैठक. आठवड्यातून एकदा सात-आठ जणांचा वर्ग, दोन-अडीच तासांचा. संकटाच्या वेळी मॅडमना फोन करण्याची मुभा. आणि रोज रात्री एक तक्ता भरायचा : आज कोणती भावना किती चढली, इजा करून घ्यावीशी वाटले का, शिकवलेले काय वापरले. आम्ही ऑफिसात हजेरीपट भरतो तसा हा मनाचा हजेरीपट.

वर्गात चार विषय असतात : मनाचे भान, संकट निभावणे, भावना आवरणे आणि माणसांशी नीट बोलणे.

भाचीला सर्वांत आधी उपयोगी पडले ते संकट निभावणे. भावनेचा भडका उडाला की त्या क्षणी शहाणपण सुचत नाही, म्हणून आधी शरीर थंड करायचे. थंडगार पाण्याने तोंड भिजवायचे, झपाझप चालायचे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. (हृदयविकार असलेल्यांनी थंड पाण्याचा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा.) "मामा, यानं प्रश्न सुटत नाही. पण ती दहा मिनिटं टळतात. आणि ती दहा मिनिटंच माझा जीव घेणारी होती," असे ती म्हणते.

दुसरी गोष्ट साखळी लिहिण्याची. काही विपरीत घडले की रागवायचे नाही, रडायचे नाही. बसून कडी कडी लिहायची. रात्री झोप झाली नव्हती. सकाळी न खाता कामावर गेले. साहेब सगळ्यांसमोर बोलले. मैत्रिणीला फोन लावला, तिने उचलला नाही. मनात आले की मी कुणालाच नको आहे. मग पुढचे घडले. यातली कोणती कडी उद्या तोडता येईल? साहेबांचे तोंड आपल्या हातात नाही, पण झोप आणि जेवण आहे. ही पद्धत वर्तनशास्त्रातून आलेली आहे. आम्हाला मात्र ती पाहताना प्रतीत्यसमुत्पाद आठवला. कारणावाचून काही उपजत नाही, आणि कारण हटले की फळही हटते, हे आपण वंदनेनंतर कितीदा ऐकले आहे. ते दोनशे पानी वहीत स्वतःच्या आयुष्यावर लिहून पाहणारी आमच्या घरातली पहिली व्यक्ती ही पोर.

तिसरी गोष्ट बोलण्याची. काय घडले ते सांगायचे, आपल्याला काय वाटले ते सांगायचे, आणि काय हवे ते स्पष्ट मागायचे. रडून नाही, ओरडून नाही. तिने हे पहिल्यांदा वापरले ते आमच्यावरच. "मामा, तुम्ही त्या दिवशी बाबासाहेबांचं उदाहरण दिलं. मला वाटलं की मी समाजाला कलंक आहे. पुढच्या वेळी भाषण नका देऊ. फक्त जवळ बसा." आम्ही तिची माफी मागितली. बायकोसमोर मागितली. आमच्या वयाच्या कार्यकर्त्याला हे सोपे नव्हते.

वर्षाअखेर जमेला काय दिसते? तिने शेवटची इजा करून घेतली त्याला आता बरेच महिने लोटले. नोकरी टिकली. तुटलेल्या दोन मैत्रिणींपैकी एक परत आली. रात्री-अपरात्री पुण्याहून येणारे फोन थांबले. आजार पुरता गेला असे नाही. वाईट संध्याकाळी अजून येतात. पण आता त्या जातातही, हे तिला ठाऊक झाले आहे.

नावे बाजू

आता दुसरी बाजू. पहिला आकडा पैशाचा. एकटीच्या बैठकीचे १,५०० आणि वर्गाचे ८०० रुपये, म्हणजे आठवड्याला २,३००. महिन्याला ९,२०० झाले. तिचा पगार २२ हजार. त्यात खोलीचे भाडे, मेस, आणि घरी पाठवायचे पैसे. तीन महिन्यांनी मॅडमनी आपण होऊन बैठकीची फी ९०० केली, हे त्यांच्या जमेला लिहिलेच पाहिजे. तरीही वर्षाचा आकडा नव्वद हजारांच्या आसपास गेला. बहिणीने शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे त्यात गेले. मोंढ्यात पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाने हा उपचार रोजच्या कमाईतून करायचा म्हटले तर तो होणार नाही, हे स्वच्छ लिहिलेले बरे.

दुसरा आकडा वेळेचा. वर्गासाठी दर आठवड्याला कामावरून लवकर निघायचे, त्यावरून साहेबांची बोलणी. शिवाय नियम असा की सलग चार बैठका चुकल्या की उपचारातून नाव कमी होते. बहिणीच्या आजारपणात भाची परभणीला येऊन राहिली आणि तीन बैठका चुकल्या. चौथीसाठी पनवेल गाडीने रात्रभर उभ्याने पुण्याला गेली. शिस्त हवी हे मान्य. पण ज्याच्या घरी एक माणूस आजारी पडले की सगळे घर बसते, त्याच्यासाठी हा नियम बनवलेला नाही.

आणखी एक नियम आम्हाला सुरुवातीला फार निष्ठुर वाटला. इजा करण्याआधी केव्हाही फोन करा, पण इजा केल्यानंतर चोवीस तास मॅडमशी बोलणे नाही. जीवाला धोका असेल तर अर्थातच आधी दवाखाना. इजा करण्यातून आधार मिळण्याची सवय मनाला लागू नये, हे त्यामागचे कारण. कारण पटते. पण ज्या एका रात्री ही वेळ आली, ती रात्र तिने कशी काढली ते ती आजही सांगत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. सगळे तक्ते इंग्रजीत. भावनांची नावेच तिथे शंभर. भाची म्हणते, "मला मराठीत राग येतो, आणि लिहायचं इंग्रजीत." शेवटी तिने स्वतःच मराठी शब्द घातले. एका तक्त्यात 'शेम' लिहिले होते. तिने लिहिले, 'मेल्याहून मेल्यासारखं'.

चौथी गोष्ट घराला बसलेल्या धक्क्याची. या उपचाराचे शास्त्र असे की मुळात हळवा पिंड आणि भावनेला दाद न देणारे वातावरण, हे दोन्ही मिळून आजार घडतो. बहिणीने हे ऐकले आणि मशीन थांबवून म्हणाली, "म्हंजी माझ्यामुळंच झालं म्हणा की." रात्री अकरापर्यंत ब्लाऊज शिवणाऱ्या आईने पोरीच्या रडण्याला दाद द्यायची केव्हा? शास्त्रात यात कुणाचा दोष धरलेला नाही. पण ते बहिणीला समजावून सांगायला कुणी आले नाही. ते काम आम्हीच मोडक्यातोडक्या शब्दांत केले.

स्वीकार म्हणजे शरणागती का?

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड. या उपचारात एक शब्द आहे : संपूर्ण स्वीकार. जे घडले ते घडले, त्याच्याशी मनात भांडत बसू नका. भाचीने हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा आमच्या कपाळाची शीर उठली. हजारो वर्षे आपल्याला हेच तर सांगितले गेले, की आहे ते नशीब म्हणून मुकाट सोसा.

पहिले तीन महिने तिने मॅडमना आपली जात सांगितली नव्हती. ऑफिसात आरक्षणावरून होणारे टोमणे ती 'ऑफिसमधला ताण' म्हणून सांगायची. मॅडमनीही विचारले नाही. वर्षभराच्या इतक्या फॉर्मांत जातीचा रकाना कुठेच नव्हता. हजेरीच्या, शिष्यवृत्तीच्या, नोकरीच्या प्रत्येक फॉर्मात तो असतो. जिथे दुखते त्या फॉर्मात मात्र नाही.

मग डिसेंबर २०२४ आला. १० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, हिंसाचार, आणि मग धरपकड. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी या विधी शाखेच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. भाची त्या दिवसांत घरीच होती. तिचा धाकटा भाऊ रात्री घराबाहेर राहिला. आम्हाला वाटले, आता हिचे सगळे पूर्ववत होणार.

तिने ठरलेल्या दिवशी मॅडमना फोन लावला. मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारले, ही भीती वस्तुस्थितीला धरून आहे का, तपासून पाहू या. भाची म्हणाली, "मॅडम, भीती खरी आहे. तपासायचं काय त्यात?" आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदा सगळे सांगितले. आपण कोण, वस्ती कुठली, टोमणे कसले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मॅडम म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. मी विचारायला हवं होतं." माणूस म्हणून त्यांनी चूक कबूल केली, हेही जमेला धरू. पण वर्षाची अर्धी फी भरल्यावर हे घडले, हे नावे लिहावे लागते.

नंतर त्याच उपचारातला नियम त्यांनी नीट उलगडला. भावना वस्तुस्थितीला सोडून असेल तर तिच्या उलट वागायचे. भावना वस्तुस्थितीला धरून असेल तर ती दाबायची नाही. प्रश्न सोडवायला लागायचे. स्वीकार म्हणजे संमती नव्हे. समोर जे आहे ते डोळे उघडून पाहणे, एवढाच त्याचा अर्थ. डायलेक्टिकल या शब्दातच ते आहे : स्वीकारही खरा आणि बदलही खरा, दोन्ही एकाच वेळी.

आम्ही त्यावर विचार केला. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला बंद आहे, हे लख्ख पाहिल्यावरच १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला. न पाहणारा लढत नाही, आणि नुसता जळणाराही फार काळ लढू शकत नाही. भाची त्या आठवड्यात मोर्चाला गेली. घरी येऊन जेवली, झोपली, तक्ता भरला. पूर्वीची भाची यातली एकही गोष्ट करू शकली नसती.

आपण काय करावे?

वाचक म्हणतील, नव्वद हजारांचा उपचार आम्हाला सांगून काय उपयोग? उपयोग आहे. २००९ साली कॅनडातल्या टोरांटो येथे १८० रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना डीबीटी दिली, अर्ध्यांना मानसोपचार डॉक्टरांची नियमित, नीट आखलेली देखभाल. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे हाच एक महागडा उपचार मिळाला नाही तर सगळे संपले असे नाही. नियमाने भेटणारा, ऐकून घेणारा, आजार ओळखणारा डॉक्टर मिळाला तरी माणूस सावरतो. नेपाळमध्येही अभ्यासकांनी कमी शिकलेल्या खेड्यातल्या बायांना समजेल अशी या उपचाराची मांडणी केली आहे. नेपाळीत होते तर मराठीत का होऊ नये?

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे हा कायदा धरून चालतो. पोलिसांच्या भीतीने कुणी उपचार लपवू नये. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले की निरनिराळ्या मानसिक आजारांत १०० पैकी ७० ते ९२ जणांना उपचारच मिळत नाही. जिंतूर, गंगाखेड, पालम, सोनपेठच्या खेड्यांतली माणसे याच आकड्यात आहेत. हक्क कागदावर असून चालत नाही, तो मागावा लागतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीबरोबर आठवड्याला एक मराठी वर्ग असावा, ही मागणी आपण निवेदनात घालू शकतो. बाकी निवेदने लिहिण्याची आपल्याला सवय आहेच.

तोवर एवढे करा. घरात कुणी स्वतःला इजा करत असेल, मरणाची भाषा करत असेल तर त्याला नाटक म्हणू नका. बाबा-बुवाकडे नेऊ नका. भाषण देऊ नका. एकटे सोडू नका, जवळ बसा आणि दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तो २०२२ साली सुरू झाला, चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

भाचीची मराठी शब्दांची ती दोनशे पानी वही आता भरली आहे. सुटीत आली की विहारामागच्या खोलीत तीन-चार मुली तिच्याजवळ बसतात. हा उपचार नव्हे, हे ती आधीच सांगते, आणि ज्या मुलीला गरज दिसेल तिच्याबरोबर स्वतः ओपीडीच्या रांगेत उभी राहते. मागच्या खेपेला बहिणीने मशीन बंद केले आणि तीही जाऊन बसली. काय शिकलीस, असे आम्ही विचारले तर म्हणाली, "पोरगी रडली की गप बसायचं आन् आयकायचं. आधी कुणी सांगितलंच न्हाई."

जयभीम.